तव्यावरचा थेंब

आंबोळीचे पीठ ओतण्यापूर्वी बिडाच्या तव्यावर पाण्याचा हबका मारून तो पुरता तापला की नाही याची खातरजमा करून घेण्याचा आपल्या गृहिणींचा जो प्रघात आहे, त्यात पदार्थविज्ञानातील एक अत्यंत मनोहर चमत्कार सामावलेला आहे. तवा बेताचा तापला असता थेंब चुर्रकन आटून जातो. परंतु तोच तवा सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेला, की थेंब मोत्यासारखा गोल होऊन इतस्ततः धावू लागतो आणि, अधिक तप्त पृष्ठभागावर असूनही, कितीतरी अधिक काळ टिकून राहतो!

कारण असे, की तव्याला टेकताक्षणीच थेंबाच्या तळाकडील पाण्याची वाफ होते, आणि वाफ ही उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे तिचा तो पातळ थर तव्याच्या उष्णतेला वरच्या पाण्यापर्यंत त्वरेने पोहोचण्यास जणू मज्जावच करतो. थेंब तव्याला स्पर्शच करीत नाही. तो अधांतरी तरंगत असतो, म्हणून त्याची ती अनावर धावपळ.

योहान गोटलोब लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन प्रबंधात लालबुंद तापविलेल्या लोखंडी चमच्यातील थेंबांचे तपशीलवार वर्णन केले आहे: पहिला थेंब सुमारे अर्धा मिनिट टिकला, आणि चमचा जसजसा निवत गेला तसतसे पुढचे थेंब लवकर आटले. किती धीराचे हे निरीक्षण!

जिज्ञासू बालकांनी हा प्रयोग वडीलधाऱ्यांच्या देखतच करावा, आणि न चिकटणारा लेप दिलेल्या तव्यावर तर मुळीच करू नये. इतक्या उष्णतेने तो लेप खराब होण्याचा संभव असतो.