खो-खोतील धावण्याचा क्रम आणि तिसऱ्या तुकडीतील मूल

खो-खोचा सामना सुरू होण्यापूर्वी शिक्षकाला एक लहानशी यादी गुणलेखकाच्या हाती द्यावी लागते. आपले नऊ खेळाडू ज्या क्रमाने धावावयास उतरणार, त्या क्रमाने त्यांची नावे तीत लिहिलेली असतात. पुष्कळ ठिकाणी ही यादी ऐन वेळी, गुडघ्यावर वही टेकून घाईने लिहिली जाते. केंद्रापासून तालुक्यापर्यंतच्या स्पर्धा वर्षानुवर्षे पाहिल्यावर, हे काम इतक्या घाईने उरकण्यासारखे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाला नियमांची चौकट घालून दिली. पुढे तीत अनेक बदल झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धाही झाली. परंतु आपल्या शालेय सामन्यांत धावणारे तिघातिघांच्या तुकडीने उतरतात, हे तत्त्व कायम आहे. पहिले तिघे बाद झाले की पुढील तिघांनी लगेच, पुढचा खो मिळण्यापूर्वी, मैदानात यावयाचे असते. जो वेळेवर येत नाही तो बाद. पाळीपूर्वी येतो तोही बाद. वेळ शिल्लक असताना नऊही गडी बाद झाले तर पुन्हा त्याच क्रमाने पहिल्या तुकडीपासून आरंभ करावा लागतो. चालू पाळीत हा क्रम बदलता येत नाही.

या क्रमाची इतर खेळांशी तुलना करून पाहावी. क्रिकेटमध्ये अकराव्या गड्याच्या हाती कित्येकदा फळी येतच नाही. शालेय क्रीडास्पर्धांत आता सॉफ्टबॉलही खेळतात. त्यात फलंदाजीचा क्रम रहाटगाडग्यासारखा फिरतो. एका डावात चौथ्या खेळाडूने शेवटची पाळी घेतली, तर पुढील डाव पाचव्यापासून सुरू होतो. त्यामुळे नवव्या मुलाचीही पाळी आल्यावाचून राहत नाही. खो-खोचे चक्र मात्र नऊही गडी बाद झाले तरच पूर्ण होते. चौदा वर्षांखालील गटाची पाळी सात मिनिटांची असते. समजा, पहिल्या तुकडीने तीन मिनिटे घेतली आणि दुसरीने अडीच. तर तिसरीच्या वाट्याला उरते दीड मिनिट. पहिल्या दोन्ही तुकड्या याहून चांगल्या खेळल्या तर तिसरी रेषेबाहेरच उभी राहते.

आणि या तिसऱ्या तुकडीत आपण कोणाला घालतो? जे मूल मंद धावते, अंगाने बोजड आहे, किंवा पटसंख्या कमी म्हणून नऊची संख्या भरण्यापुरतेच घेतलेले आहे, त्याला.

ही चूक मी स्वतः केली आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका शाळेत शिक्षक असताना एका मुलाचे नाव मी हंगामभर नवव्या क्रमांकावर लिहिले. चार सामने झाले. पाठलागाच्या वेळी तो पाटीवर बसे, पण सवंगडी त्याला सहसा खो देत नसत. आणि धावण्याची त्याची पाळी एकदाही आली नाही. शेवटच्या सामन्यानंतर परतताना होडीत त्याने मला विचारले, "गुरुजी, घरी काय सांगू? मी खेळलो म्हणू?" मला उत्तर देता आले नाही. पुढील वर्षी भातकापणी झाल्यावर रिकाम्या मळ्यात सराव सुरू केला, तेव्हा मी प्रत्येकाची वेळ घड्याळ लावून मोजली. हा मुलगा वेगवान नव्हता, पण खांबाजवळ हुलकावणी देण्यात तरबेज होता. ज्यांना मी पहिल्या तुकडीत घालीत असे, त्यांतील एकापेक्षा तो अधिक वेळ टिकला. तोवर मी केवळ डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून होतो.

तेव्हा क्रम लावण्यापूर्वी सरावात निदान तीन-चार वेळा प्रत्येक मुलाची वेळ मोजून वहीत टिपावी. एकदाच मोजून भागत नाही. समोर पाठलाग करणारा कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. मग तिन्ही उत्तम गडी एकाच तुकडीत कोंबू नयेत. तसे केले की उरलेले सहा गडी भराभर बाद होतात आणि पहिल्या तिघांना दमलेल्या अवस्थेत पुन्हा उतरावे लागते. प्रत्येक तुकडीत एक तरी भरवशाचा गडी असावा. साखळी खेळणारा आणि गोलात धावणारा असे दोन भिन्न पद्धतींचे गडी एकत्र असले तर पाठलाग करणाऱ्यास दर वेळी चाल बदलावी लागते. नवख्याला अशा दोघांच्या सोबतीस द्यावे.

याहून महत्त्वाची एक सोय नियमातच आहे, आणि तिचा उपयोग फारच थोडे शिक्षक करतात. क्रम बदलण्यास मनाई आहे ती चालू पाळीपुरती. सामन्यात दोन डाव असतील तर धावण्याची पाळी दोनदा येते. दुसऱ्या पाळीपूर्वी नवी यादी देऊन तिसरी तुकडी पहिली करता येते. जिंकण्याच्या दृष्टीने याने तोटाच होतो असे नाही. पहिल्या पाळीत न धावलेले गडी ताजेतवाने असतात. अटीतटीचा सामना असेल तर शिक्षकाचा हात अडखळेल, हे मी जाणतो. तालुक्याच्या अंतिम सामन्यात मी हा आग्रह धरणार नाही. परंतु केंद्रस्तरावरील सामन्यांत, आणि शाळेतल्या शाळेत तर नक्कीच, तो धरावा.

मुलाला त्याचा क्रमांक कळतो तो बहुधा यादी मोठ्याने वाचली जाते तेव्हा. त्याआधी त्याला बाजूस घेऊन कारण सांगावे: "तू शेवटी आहेस, कारण अखेरचे मिनिट खांब धरून काढणारा मला हवा आहे." कारण खरे असावे, खोटे कारण मुले ताबडतोब ओळखतात.

दुसरी तुकडी गप्पा मारीत उभी राहिल्याने खेळण्यापूर्वीच बाद झालेली मी अनेकदा पाहिली आहे. म्हणून पहिल्या तुकडीचा दुसरा गडी बाद होताच पुढील तिघांना रेषेजवळ उभे करावे, आणि आत कोणत्या बाजूने जावयाचे ते आधीच दाखवून ठेवावे.

वहीत प्रत्येक नावापुढे, ते मूल सामन्यात प्रत्यक्ष धावले तेव्हा एक खूण करावी. दोन सामन्यांनंतर ज्या नावापुढे खूण नसेल, ते पुढील यादीत पहिल्या तिघांत लिहावे.