झोपेत हात लुळा पडला, तर काय कराल?

रात्रपाळीचा एखादा पहारेकरी पहाटेच्या सुमारास लाकडी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेतो. उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे लोंबत असतो. लागोपाठ दोन पाळ्या झालेल्या, त्यामुळे झोप अशी गाढ लागते की कूस बदलायचेही भान राहत नाही. उजाडल्यावर चहाचा कप उचलायला जावे, तर मनगट वर येत नाही, बोटे सरळ होत नाहीत. घरी एकच गलका होतो, "ह्यांच्या अंगावरून वारं गेलं!" कोणी गरम तेल आणतो, कोणी गंडा-ताईत सुचवतो, कोणी करणीचा संशय घेतो. शेजारचा एखादा हळूच म्हणतो, "रात्री जास्त झाली असेल!"

वाचकहो, अशा वेळी दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे लकवाच झाला असे समजून खचून जाणे आणि भगताच्या दारात वेळ व पैसा घालवणे. दुसरी चूक त्याहून भयंकर. खरोखरच लकव्याचा झटका आलेला असताना "हात अवघडला असेल, होईल बरा" असे म्हणून पुन्हा झोपून जाणे! या दोन्ही चुका टाळायच्या असतील, तर आपल्या हातात काय घडते हे प्रत्येक घराला कळले पाहिजे.

आपल्या दंडाच्या हाडाला मागच्या बाजूने वळसा घालून एक मज्जातंतू खाली उतरतो. त्याला डॉक्टर रेडियल नर्व्ह म्हणतात. मनगट वर उचलणे आणि बोटे सरळ करणे ही कामे त्याच्या जोरावर चालतात. दंडापाशी तो हाडाला अगदी चिकटून जातो. तिथे खुर्चीची कड, बाकाची फळी किंवा दुसऱ्याचे डोके तासन् तास दाबून राहिले, की मेंदूकडून येणारा हुकूम वाटेतच अडतो. एरवी हाताला मुंग्या आल्या की आपण झोपेतच कूस बदलतो. दारूची नशा, झोपेच्या गोळ्या किंवा अतिश्रमाची गुंगी असेल, तर ही राखण सुटते.

इंग्रजीत या दुखण्याला 'सॅटर्डे नाइट पाल्सी', म्हणजे शनिवार रात्रीचा लकवा, असे नाव आहे. दारू हे त्याचे मोठे कारण आहे हे खरेच. परंतु हात पडलेला प्रत्येक माणूस दारुडा असतो असे मुळीच नाही. थकलेला कामगार, लेकराचे डोके रात्रभर दंडावर घेऊन निजलेली आई, काखेत कुबडी दाबून चालणारा माणूस, यांनाही हे होऊ शकते. मधुमेह असेल तर नसा दाबाला लवकर बळी पडतात. म्हणून आजाऱ्याला आधी बोल लावू नका, आधी त्याच्याकडे नीट पाहा.

काय पाहायचे? तोंड वाकडे झाले आहे का? बोलणे अडखळते का? त्याच बाजूचा पाय जड झाला आहे का? एकाएकी दिसेनासे झाले किंवा तोल जाऊ लागला का? यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर लकव्याचा झटका समजून ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून एकेक मिनिट मोलाचे आहे. नस दबली असेल तर बहुधा फक्त मनगट व बोटे पडतात, आणि अंगठ्यामागची हाताची पाठ बधिर लागते. तोंड, वाचा, पाय शाबूत असतात. मात्र काही वेळा मेंदूच्या झटक्यातही नुसता हातच लुळा पडतो. तेव्हा निदान घरी करू नका. त्याच दिवशी, उशीर न लावता, इस्पितळ गाठा.

आता दिलासा देणारी गोष्ट. ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार मांडले. झोपेत नस दबून होणारी इजा बहुतेक वेळा त्यांतल्या सर्वांत सौम्य प्रकारची असते. नसेचे वरचे आवरण दुखावते, आतला धागा तुटत नाही. असा हात काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत बहुधा पूर्ववत होतो. आतला धागा दुखावला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो, म्हणून जास्त महिने लागतात.

तोवर मनगट वर उचलून धरणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, डॉक्टरांच्या सल्ल्याने बांधावी. दुसऱ्या हाताने बोटे व मनगट रोज हळूहळू हलवावीत, नाही तर सांधे आखडतात. जोराचे मालीश करू नये. बधिर कातडीवर गरम पिशवी किंवा तापलेली वीट ठेवू नये, कारण चटका बसलेला कळत नाही. हाताला जोर येईपर्यंत वाहन आणि यंत्र चालवू नये. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर नसेची विजेची तपासणी करतात. सोबत अंगावर फिकट बधिर चट्टा असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. कुष्ठरोगातही हाताच्या नसा दुखावतात, आणि त्यावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

राहिला पोटाचा प्रश्न. हात पडला की रोजी बुडते, आणि त्या भीतीनेच माणूस दुखणे अंगावर काढतो. कामगार राज्य विमा योजनेचे कार्ड असेल तर पहिल्याच दिवशी त्या दवाखान्यातून दाखला घ्या. ठरलेली वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. तो आपला हक्क आहे. तो मागायला लाजू नका.

आज रात्री निजताना एवढेच करा. दंड पलंगाच्या कडेवर टाकू नका. लेकरू झोपी गेले, की त्याचे डोके अलगद उशीवर ठेवा. आणि ही माहिती शेजारच्या रात्रपाळीवाल्याला जरूर सांगा!