माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर सुरू करताय? आधी हे वाचा

घराची साफसफाई निघाली की माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली येतो. त्यात लग्नाचे फोटो असतात, दूध संस्थेचे हिशेब असतात, कुणाचं स्टुडिओचं काम असतं. "बघू तरी चालतोय का," म्हणत लगेच वायर लावली जाते. वीस-पंचवीस वर्षं जुन्या हार्ड डिस्कला हीच घाई नडते. कारण ती पुन्हा सुरू झालीच, तर ते शेवटचंही असू शकतं.

आत काय असतं?

हार्ड डिस्क म्हणजे मोबाईलच्या मेमरी कार्डासारखी नुसती चिप नाही, ते फिरणारं यंत्र आहे. आत गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. माहिती वाचणारं 'हेड' तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. मध्ये धुळीचा कण आला तरी ओरखडा पडतो. ओरखडा पडला की तिथली माहिती गेली.

नुसती पडून का बिघडते?

विहिरीवरची मोटर वर्षभर बंद राहिली की जाम होते, तसंच हे आहे. बऱ्याच जुन्या डिस्कमध्ये वीज बंद झाली की हेड तबकडीवरच टेकायचं. तबकडीवर वंगणाचा अगदी पातळ थर असतो. वर्षानुवर्षं हललं नाही की हेड तिथंच चिकटतं आणि तबकडी फिरतच नाही.

दुसरं कारण रबर. नव्वदच्या दशकातल्या क्वांटम कंपनीच्या काही डिस्कमध्ये हेडचा दांडा अडवायला रबराचा तुकडा असे. तो जुना झाला की डिंकासारखा चिकट होतो आणि दांडा त्यात अडकतो. तबकडी फिरते, पण माहिती मिळत नाही.

काही मॉडेल नवी असतानाच बदनाम झाली. आयबीएमची २००० साली आलेली डेस्कस्टार ७५जीएक्सपी इतकी बिघडू लागली की लोकांनी तिला 'डेथस्टार' नाव पाडलं. २००१ मध्ये अमेरिकेत कंपनीवर खटलाही झाला.

मग करायचं काय?

- जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायही म्हातारा झालेला असतो. म्हणून डिस्क बाहेर काढून चांगल्या कॉम्प्युटरला यूएसबी अडॅप्टरने जोडा. रुंद पट्टीची वायर असेल तर ती आयडीई, अरुंद वायर असेल तर साटा. दुकानात तसं सांगा. मोठ्या डिस्कला वेगळी वीजही द्यावी लागते.
- कॉपी ठेवायला रिकामी जागा आधीच तयार ठेवा.
- डिस्क सुरू झाली की सगळ्यात महत्त्वाचं आधी कॉपी करा. फोटो बघत बसू नका, मध्येच बंद करू नका.
- "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं तर नाही म्हणा.
- टकटक किंवा खरखर आवाज आला तर लगेच वीज बंद करा. पुन्हा पुन्हा चालू केल्याने नुकसान वाढतं.
- डिस्क ठोकू नका, घरी उघडू नका. माहिती मोलाची असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या आणि खर्च आधी विचारून घ्या.

कॉपी झाली तरी ती एकाच पेनड्राईव्हवर ठेवू नका. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे.