धरणाच्या वरच्या अंगाला

'दुर्गम' हा शब्द आपण फार सहज वापरतो. दुर्गम भाग, दुर्गम गाव, दुर्गम शाळा. जणू ते गाव जन्मल्यापासूनच तसं आहे, डोंगरानंच त्याला तिथं नेऊन ठेवलं आहे. पण काही गावं मुळात दुर्गम नसतात, ती दुर्गम केली जातात. आज अशाच एका मुलखाविषयी बोलायचं आहे. सातारा जिल्ह्यातलं कोयनेचं आणि तिला मिळणाऱ्या कांदाटीचं खोरं.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. ही नदी डोंगररांगांमधून सरळ दक्षिणेकडं सुमारे ६५ किलोमीटर जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या लांबट खोऱ्यात नदीकाठी भाताची खाचरं होती, गावं होती, काठाकाठानं जाणारी वाट होती. पश्चिमेच्या घाटवाटा खाली कोकणात उतरत. माणूस चालत होता तोवर हा मुलूख अवघड होता, पण तुटलेला नव्हता.

मग धरण आलं. १९६२ साली पोफळीच्या वीजगृहातून वीज बाहेर पडू लागली. धरणाची उंची १०३ मीटर, साठा सुमारे १०५ टीएमसी, मागं पसरलेला शिवसागर जलाशय ५० किलोमीटरच्या आसपास लांब. हे पाणी डोंगर फोडून पश्चिमेला नेलं, कोकणाच्या बाजूला उंचावरून खाली सोडलं आणि त्यावर जनित्रं फिरवली. पुढं टप्पे वाढत गेले आणि एकूण क्षमता १,९६० मेगावॉट झाली. महाराष्ट्रातले कारखाने या विजेवर उभे राहिले. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते काही उगाच नाही.

भाग्याची ही रेषा ज्यांच्या शेतातून गेली त्यांचं काय झालं? शंभराच्या आसपास गावांना धरणाची झळ पोचली. कुणी सोलापूरकडं गेलं, कुणी सांगलीकडं, कुणी रायगड-ठाण्याकडं. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली झाला, म्हणजे पाणी चढल्यावर कितीतरी वर्षांनी. ज्यांची घरं पाण्याच्या रेषेच्या वर होती किंवा जे वर सरकले, ते तिथंच राहिले. त्यांची खाचरं गेली, वाट गेली. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथं जायला लाँच लागते.

काही वर्षांपूर्वी तापोळ्याच्या बाजूला एका शाळेत मुलांना कविता ऐकवायला गेलो होतो. महाबळेश्वरहून तापोळा २५-३० किलोमीटर. तिथून लाँचनं पलीकडच्या एका वाडीवर गेलो. एका घराच्या ओट्यावर टेकलो, तर एका म्हातारीनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "पावनं, कुठल्या गावचं?" मी गाव सांगितलं आणि उलट विचारलं, "आजी, तुमचं मूळ गाव हेच का?" तिनं जलाशयाकडं बोट केलं. "मूळ गाव त्या पान्याखाली हाय. तुमची लाँच त्याच्यावरनंच आली की."

या गावांचं वर्ष पावसाभोवती फिरतं. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळं मे महिन्यातच लाकूडफाटा, धान्य, मीठमिरची, गुरांची वैरण यांची बेगमी करावी लागते. एकदा पाऊस लागला की लाँचचा भरवसा नसतो, वाटेवर दरड येते, ओढे ओलांडता येत नाहीत. अशा दिवसांत कुणी आजारी पडलं तर घोंगडीची झोळी करून चार माणसांनी खांदा द्यायचा.

आणि एवढं पाणी पडूनही उन्हाळ्यात इथल्या बायाबापड्या हंडे घेऊन हिंडतात. आपल्याला हे खरं वाटत नाही. पण सह्याद्रीचा हा कातळ कठीण आहे. उतारावरचं पाणी धावत खाली जातं, जमिनीत मुरतं ते थोडं. चैत्र-वैशाखात झरे आटतात. जलाशयही वीज आणि सिंचनासाठी उपसला गेल्यानं मागं सरतो आणि काठाला चिखलाचा पट्टा उरतो. माझी अम्मी आम्हाला वजूचं पाणी तांब्याभरातच भागवायला शिकवायची. त्या म्हातारीनं तेवढ्याच पाण्यात माझ्या डोळ्यांदेखत चार भांडी घासली आणि उरलेलं पाणी अळवाच्या बुडाशी ओतलं.

शेती म्हणाल तर उतारावरची नाचणी, वरी आणि जिथं खाचर करता येईल तिथं भात. त्यात रानडुकरं आणि गवे यांचा वाटा ठरलेला. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली कास पठार आणि कोयना अभयारण्य पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जंगल राहिलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आधी धरणासाठी आणि मग जंगलासाठी, अशी दोनदा माघार याच माणसांनी घेतली, एवढं तरी आपण ध्यानात ठेवावं.

मग माणसं काय करतात? मुंबई गाठतात. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या पिढ्या मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर गोणी वाहत आल्या. ज्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. २०२२ साली मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे यांचं दरे हे गावही याच मुलखातलं, आणि त्यांच्या घरच्यांनीही पोटासाठी ठाणं गाठलं होतं. गाव भरतं ते यात्रेला. एरवी उरतात म्हातारी माणसं आणि थोडी मुलं.

मुलं कमी म्हणून शाळेचा पट कमी. पट कमी म्हणून शिक्षक कमी. वरचा वर्ग दुसऱ्या गावात. मुलांसाठी म्हणून आणखी एक घर कुलूप लावून निघतं आणि पट पुन्हा घटतो. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला, पण त्या कायद्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजतात. मधल्या पाण्याचं माप त्यात नाही. २०२२ च्या जानेवारीत खिरखिंडी गावच्या मुलींची बातमी आली. या मुली स्वतः नाव वल्हवत जलाशय ओलांडत आणि पुढं जंगलातून सुमारे चार किलोमीटर चालत अंधारीच्या शाळेत जात. मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. तोवर आपण सगळेच त्या मुलींच्या धाडसाचं कौतुक करत होतो. माझ्या मते त्यात कौतुकापेक्षा शरम वाटण्यासारखं जास्त होतं.

अलीकडं या भागाकडं लक्ष वळलं आहे. तापोळ्याजवळ जलाशयावर पुलाचं काम हाती घेण्यात आलं. २०१९ साली नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी सव्वादोनशेहून अधिक गावांचा आराखडा करण्याचं ठरलं. पूल हवाच. पण पुलावरून आधी कोण येणार, हा प्रश्न आहे. डॉक्टर आणि शिक्षक आधी आले तर गाव टिकेल. जमीन विकत घेणारा आधी आला तर रस्ता होईल, दिवे लागतील, आणि त्या उजेडात मूळचा माणूस दुसऱ्याच्या बंगल्याचा राखणदार असेल.

म्हणून म्हणतो, या गावांना मदत करायची भाषा आपण सोडून द्यावी. साठ वर्षांहून अधिक काळ आपण त्यांच्या पाण्यावर दिवे लावतो आहोत. रस्ता, दवाखाना, शाळा हे त्यांना द्यायचं दान नाही, ती आपल्याकडं राहिलेली थकबाकी आहे.

निघताना त्या आजीला म्हटलं, "येतो." ती म्हणाली, "या पुन्यांदा. पन पावसाच्या आधी या, बाबा."

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)