गाडीवरचे डांबर : घाई रंगाच्या मुळावर

पावसाळा तोंडावर आला, की शहरांत रस्त्यांच्या डांबरीकरणाला वेग येतो. ताज्या डांबरावरून वाट काढत गाडी घरी पोहोचते, तेव्हा चाकांमागचा पत्रा आणि दारांचा खालचा भाग काळ्या ठिपक्यांनी भरलेला असतो. पांढऱ्या गाडीवर तर हे ठिपके डोळ्यांत खुपतात. मग हाताशी लागेल ते घेऊन डाग काढण्याची घाई होते. कोणी पेट्रोलचा बोळा फिरवतो, कोणी नखाने खरवडतो, तर कोणी थेट भांड्यांची घासणी उचलतो. डाग जातो, पण त्याबरोबर रंगाची झळाळीही जाते.

पाण्याने का निघत नाही?

रस्त्यासाठी आज वापरले जाणारे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर तळाशी उरणारा जड, चिकट अंश होय. त्याचे मूळच तेलकट असल्याने पाणी आणि साधा शाम्पू त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. ते विरघळते ते त्याच्याच जातकुळीतील द्रावकात. भारतातील रस्त्यांवर सर्रास वापरले जाणारे 'व्हीजी-३०' प्रतीचे डांबर ४७ अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. उन्हाळ्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा याहूनही अधिक तापतो. त्यामुळे ठिपका पसरतो, घट्ट बसतो आणि फिकट रंगावर पिवळसर छटा सोडून जातो. डाग आठवडेच्या आठवडे तसाच ठेवू नये, तो यासाठीच.

याला एक अपवाद आहे. नवा थर टाकण्यापूर्वी जुन्या रस्त्यावर डांबराचे पाणीमिश्रित द्रावण फवारले जाते. ताजे असताना ते तपकिरी दिसते. त्यातील पाणी वेगळे झाले, की ते काळे पडते. तपकिरी असतानाच गाडी भरपूर पाण्याने धुतली, तर हे शिंतोडे सहज निघून जातात.

जोखीम कशाची?

कारखान्यात गाडीवर चढवलेल्या रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक थर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे सामान्यतः माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण हाच थर करतो. तो घासला गेला, की पुन्हा भरून येत नाही; पूर्ण भाग नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

भट्टीत पक्का झालेला कारखान्याचा रंग सौम्य द्रावकाचा थोडा वेळ सहन करतो. मात्र अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाची तशी खात्री देता येत नाही. काही रंग थिनर लागताच विरघळतात. म्हणूनच कोणतेही द्रावक आधी दाराच्या आतल्या कडेला लावून पाहावे. कापडावर गाडीचा रंग उतरला, तर तेथेच थांबावे.

सुरक्षित पद्धत

गाडी सावलीत उभी करून पत्रा थंड होऊ द्यावा. तापलेल्या पत्र्यावर द्रावक डांबर विरघळण्याआधीच उडून जाते. प्रथम गाडी धुऊन धूळ आणि कच पूर्णपणे काढावी, अन्यथा पुसताना हीच कच रंगावर ओरखडे काढते. त्यानंतर दुकानात मिळणारे 'टार रिमूव्हर' किंवा ते नसल्यास रंगाच्या दुकानातील टर्पेंटाइन मऊ मायक्रोफायबर कापडावर घेऊन डागावर मिनिटभर टेकवून ठेवावे. डांबर सैल झाले, की अलगद टिपून घ्यावे. दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू वापरावी. डाग हट्टी असेल, तर जोर वाढवू नये. हीच क्रिया पुन्हा करावी. ठिपके ताजे व थोडे असतील, तर खोबरेल तेल लावून काही वेळ थांबल्यासही ते मऊ पडतात.

शेवटी तो भाग शाम्पूने धुऊन कोरडा करावा आणि त्यावर मेण, अर्थात वॅक्स, लावावे. कारण द्रावकाबरोबर आधीचे वॅक्सही निघून गेलेले असते.

हे टाळावे

पाते, स्क्रू-ड्रायव्हर, तारेची घासणी आणि कपडे धुण्याची पावडर यांना गाडीपासून दूर ठेवावे. दिव्यांच्या प्लास्टिकच्या काचांवर पेट्रोल किंवा थिनर लागल्यास त्यांना बारीक तडे जातात. रबर आणि काळे प्लास्टिकही अशा द्रावकाने खराब होते. ब्रेकच्या चकतीवर तर द्रावकाचा थेंबही पडू देऊ नये. मॅट रंगाच्या किंवा विशेष लेप दिलेल्या गाडीसाठी उत्पादकाच्या सूचना पाहूनच पुढे जावे.

सर्वांत मोठा धोका आगीचा. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. इमारतीखालच्या बंदिस्त वाहनतळात पेट्रोलने गाडी पुसणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. टर्पेंटाइनही ज्वलनशीलच. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे. वापरलेले बोळे उघड्यावर पूर्ण वाळू द्यावेत, कोंबून ठेवू नयेत. उरलेले द्रावक गटारात ओतू नये.

नव्या डांबरी रस्त्यावर वेग कमी ठेवला आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखले, तर यातील बराचसा खटाटोप टळतो. तरीही ठिपके उडालेच, तर त्याच आठवड्यात शांतपणे अर्धा तास दिलेला बरा.