द्राक्षबाग मोडल्यावर मातीत राहिलेलं तांबं

नाशिक जिल्ह्यात द्राक्षावर डाऊनी (केवडा) रोग दिसला की मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारायचं, हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. मोरचुदातलं तांबं मात्र कुजत नाही. पानांवरून ओघळून ते वरच्या थरात साचत जातं. युरोपियन युनियनने म्हणूनच 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे.

येवला, निफाड भागात अशी जुनी बाग काढून कांदा किंवा भाजी लावायची असेल, तर सेंद्रिय खत खरंच कामाला येतं. पूर्ण कुजलेल्या शेणखतातील ह्युमस तांब्याचे कण घट्ट धरून ठेवतो, मुळांना ते कमी मिळतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीतही तांबं तसं कमीच विरघळतं, ही जमेची बाजू.

दुसरा उपाय बायोचार. येवल्यात मका भरपूर. दाणे काढलेली कणसं खड्ड्यात कमी हवेत जाळली की राखेऐवजी सच्छिद्र कोळसा उरतो. तो शेणखतात मुरवूनच शेतात टाकावा.

कच्चं खत टाळाच. त्यातील विरघळणारे सेंद्रिय पदार्थ तांब्याला उलट सोबत घेऊन फिरतात. शहरी कचऱ्याचं खत घेताना त्यातल्या जड धातूंचा तपासणी अहवाल मागा.

या उपायांनी धातू नाहीसा होत नाही, फक्त अडकून राहतो. मृदा आरोग्य पत्रिकेत तांब्याचा आकडा असतो. शिसं आणि कॅडमियम मात्र त्यात नसतात, त्यांची तपासणी वेगळी करून घ्या.