यानात कोण कोण बसणार?

इंग्रजी अमदानीत पलटण जिथे तळ ठोकायची तिथे तिच्या मागोमाग बाजार वसायचा. त्याचं नाव ठरलेलं, सदर बाजार. साताऱ्यात आहे, जालन्यात आहे, तसा नागपुरातही आहे. आपल्या सदरला लागून असलेली ‘छावणी’ ही वस्ती पलटणीच्या तळाचं जुनं नाव अजून सांभाळून आहे. नुसत्या शिपायांवर पलटण चालत नाही. तिला शिंपी लागतो, पाववाला लागतो, वैद्य लागतो, हिशेब लिहिणारा लागतो. चार मुलखांची माणसं एकत्र आली तेव्हा हे गाव वसलं. ऑल सेंट्स कॅथेड्रल, अंजुमन ही शिक्षणसंस्था आणि गड्डीगोदामचा गुरुद्वारा आजही पायी फिरून एका फेरीत बघता येतात.

ताऱ्यांकडे निघालेल्या यानाची गोष्ट वाचताना मला हेच सदर आठवतं.

अमेरिकेत १९२०च्या दशकात अशा अंतराळ-साहसकथांची लाट आली, तेव्हा यानातले वीर बहुधा एकाच वळणाचे असत. १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली आणि चित्र पालटलं. तिच्या यानात कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होती, जपानी वंशाचा चालक होता, पुढे रशियन तरुण आला, आणि परग्रहावरचा स्पॉक तर होताच. त्यातली अधिकारी साकारणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे ‘नासा’साठी अंतराळवीरांच्या भरतीचा प्रचार केला. १९७८च्या तुकडीत निवडलेल्या ३५ जणांमध्ये पहिल्यांदाच सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय होते. गोष्टीने माणसांची निवड बदलायला हातभार लावला, याचं इतकं स्पष्ट उदाहरण विरळाच.

पण नाना तऱ्हेची माणसं ही कथेची शोभा आहे की खरी गरज? उत्तर अंतरात दडलंय. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. ‘व्हॉएजर १’ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्याच वेगाने प्रॉक्सिमा गाठायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. वेग बारा पट केला तरी सहा हजारांहून अधिक. निघालेला माणूस पोहोचणार नाही. त्याच्या शेकडो पिढ्यांनंतरची लेकरं पोहोचतील. म्हणजे ते यान वाहन कमी आणि गाव जास्त.

आणि गाव म्हटलं की सोयरिकी आल्या. मूठभर माणसांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होत राहिली की दोन्हीकडून एकच सुप्त जनुकीय दोष मुलाकडे येण्याची शक्यता वाढत जाते. रोगप्रतिकाराची जनुकं सगळ्यांची सारखीच झाली, तर एखादा जंतू साऱ्या गावाला एकदम आडवं करू शकतो. फ्रेडरिक मारँ आणि कामीय बेलुफी या संशोधकांनी २०१८ साली संगणकावर ६,३०० वर्षांचा असा प्रवास चालवून पाहिला. संततीचे नियम कडक पाळले, तर ९८ माणसांनी सुरुवात करून निभावतं, असं त्यांना आढळलं. मानवशास्त्रज्ञ कॅमेरॉन स्मिथ यांनी २०१४ साली साथी आणि अपघात गृहीत धरून १४ हजार ते ४४ हजार माणसं सुचवली होती. आकड्यांत मोठी तफावत आहे, आणि ती राहणारच, कारण किती संकटं मोजायची यावर उत्तर अवलंबून आहे. मला स्मिथ यांचा सावधपणा पटतो. सहा हजार वर्षांत साथ येणार नाही, असं कुणी म्हणावं?

शरीराइतकाच मनाचा प्रश्न आहे. २०१० ते २०११ मध्ये मॉस्कोत ‘मार्स-५००’ या प्रयोगासाठी तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन आणि एक चिनी असे सहा पुरुष ५२० दिवस एका बंदिस्त नकली यानात राहिले. काहींची झोप बिघडली, एकाचं तर दिवसरात्रीचं चक्रच इतरांपासून सरकत गेलं. तरी सहाही जण शेवटपर्यंत टिकले.

असं एकत्र राहणं आता नित्याचं झालंय. २ नोव्हेंबर २०००पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एक दिवसही ओस पडलेलं नाही. २५ जून २०२५ रोजी भारताचे शुभांशू शुक्ला तिकडे निघाले, ते अमेरिकेच्या पेगी व्हिटसन, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नेव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू यांच्यासोबत. चौघांचे देश चार. शुक्लांच्या शिदोरीत गाजराचा आणि मूगडाळीचा हलवा होता, आमरसही होता, आणि तो साथीदारांनीही चाखला. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर आमरसाची पंगत बसली, ही बातमी मला कुठल्याही कादंबरीहून गोड वाटली.

मराठीत मात्र असं यान फारसं उडालेलं नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तेव्हापासून आपली विज्ञानकथा भक्कम उभी आहे, पण ती बहुतेक वेळा पृथ्वीवरच घडते. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या यानातली भांडणं, पंगती, लग्नं आणि मिसळलेल्या बोली मराठीत यायला हव्यात. वऱ्हाडी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी एकाच चौकात ऐकत वाढलेल्या सदरच्या मुलामुलींनो, ती गोष्ट तुम्ही लिहा.